नवापूरच्या खाडीतले दोन तास

साठच्या दशकाच्या मध्यावर, डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वानऊ ते सव्वाअकरा असे दोन तास माझी पत्नी नवापूर आणि दांडी या गावांमधल्या खाडीत बेपत्ता होती. ती जिवंत होती, सुखरूप होती आणि त्यातला बराच वेळ एका घरात चुलीपाशी बसून अंग शेकत होती. मला हे माहीत नव्हतं.

पुढे जे लिहिलं आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही तिने सांगितलेलं आहे आणि काही दोन्ही काठांवरच्या माणसांना विचारून घेतलेलं आहे. जे कुणालाच नक्की माहीत नव्हतं ते गाळलं आहे.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी मुंबईत एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो, ती शाळेत शिकवत होती. तिला नाताळची सुट्टी होती, मला साचलेल्या रजेतले चार दिवस मिळाले. केळवे रोड स्टेशनवर उतरायचं, समुद्र गाठायचा आणि पाणी डाव्या हाताला ठेवून उत्तरेला तारापूरपर्यंत चालत जायचं, असा बेत होता. बेत तिचा होता. घरच्यांनी मला तीन प्रश्न विचारले. वाटेत कुठलं देवस्थान आहे का? नाही. कुणी नातेवाईक? नाही. मग कशाला? या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं, "चालायला."

लष्करातल्या जुन्या मालाच्या दुकानातून दोन खाकी हॅवरसॅक आणल्या. माझ्यात स्टोव्ह, भांडी, तांदूळ आणि डाळ. तिच्यात कपडे आणि मेणकापडात घट्ट गुंडाळलेली दोन कांबळी. एरवी ती पाचवारी नेसायची. या चार दिवसांसाठी तिने आईची नऊवारी मागून आणली होती, कारण काष्टा घातला की पाय मोकळे राहतात.

पाठीवर ओझं घेऊन, काही न विकता, काही न मोजता, नवरा-बायको किनाऱ्याने चालत निघाले आहेत, ही गोष्ट त्या गावांना नवी होती. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं काम निघालं होतं आणि खाकी पिशव्यावाले परके लोक म्हणजे सरकारी मोजणीदार, असा सगळीकडे समज होता. माहीमच्या पानवेलींच्या वाडीत एका बागाइतदाराने आम्हाला चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, त्याची वाडी नकाशात येते का. येत नाही, असं सांगण्याचाही अधिकार आम्हाला नव्हता. सातपाटीला बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईने पत्नीला हटकलं.

"काय विकता, बाय?"

"काही नाही. चालतोय नुसते."

"हा कोन? नवरा?"

"हो."

"मग घर नाय तुमाला?"

भोवतालच्या बायका हसल्या. पत्नीही हसली. त्या दिवशी सातपाटीची खाडी आम्ही होडीने ओलांडली आणि मुरब्याला शाळेच्या ओसरीवर झोपलो. दुसऱ्या दिवशी नांदगाव, आलेवाडी करत नवापूरला पोचलो. त्या दिवशी वाटेत खाडी नव्हती. हे सांगायला हवं, कारण माझ्या खिशातल्या कागदाची परीक्षा तोवर झालेली नव्हती.

तो कागद असा. आमच्या दैनिकात पहिल्या पानाच्या तळाला भरती-ओहोटीच्या वेळा छापल्या जात. बंदराकडून वर्षाचं छापील कोष्टक येई, त्यातून रोजच्या वेळा उतरवून खिळे जुळवणाऱ्याकडे पाठवायचं काम रात्रपाळीच्या उपसंपादकाकडे असे. तीन वर्षं ते काम माझ्याकडे होतं. निघायच्या आदल्या पाळीत मी त्याच कोष्टकावरून आमच्या चार दिवसांच्या वेळा एका कागदावर उतरवल्या आणि घडी घालून खिशात ठेवल्या. तिसऱ्या दिवसापुढे, म्हणजे नवापूरच्या खाडीच्या दिवसापुढे, ओहोटीची वेळ लिहिलेली होती नऊ वाजून पाच मिनिटं.

नवापूरची खाडी ओहोटीला पायी ओलांडता येते, हे आम्हाला गावात समजलं. मध्ये वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो. त्याच्या अलीकडे, नवापूरच्या बाजूला, एक अरुंद ओहळ राहतो आणि पलीकडे, दांडीच्या बाजूला, दुसरा रुंद. नऊ-पाचला ओहोटी संपते तर पावणेनऊला पाण्यात उतरावं, म्हणजे अजून वीस मिनिटं पाणी उतरतच असेल, असा मी हिशेब केला.

पावणेनऊला आम्ही काठावर होतो. खडकावरची कालवं काढून चार-पाच बायका परत येत होत्या. त्यांच्या टोपल्या अर्ध्याच भरलेल्या होत्या, हे मी पाहिलं. त्याचा अर्थ लावला नाही. पुढची बाई थांबली.

"खय चालला, दादा?"

"दांडीला. पायी."

"आता नको. पानी फिरला हाय."

मी खिशातून कागद काढला. "ओहोटी नऊ-पाचला आहे. अजून वीस मिनिटं आहेत."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कागूद तुजा घरी लिवलेला ना? पानी इथं हाय."

पत्नी म्हणाली, "अहो, त्या रोज इथे येतात."

मी म्हणालो की बंदराचं कोष्टक आहे, ते चुकत नाही. कोष्टक चुकलेलं नव्हतंच.

बाईने खांदे उडवले. "जायचं तर झटकन जा. मध्ये बसू नको." आणि त्या गावाकडे वळल्या.

अलीकडचा ओहळ घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली होता. उंचवट्यावर वाळू घट्ट होती. तिथे आम्ही ठरवलं की स्टोव्ह आणि भांड्यांची जड सॅक घेऊन मी आधी पलीकडे जावं, ती ठेवून परत यावं आणि तिच्या पाठीवरची घेऊन तिच्यासोबत दुसऱ्यांदा उतरावं. हा बेत माझा होता. मला पोहता येत नाही. तिला येतं. ती कृष्णाकाठच्या गावातली, पाठीला सुके भोपळे बांधून नदीत शिकलेली. तरीही ओझी मी न्यायची, असं ठरलं. त्यावर चर्चा झाल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नाही.

पलीकडचा ओहळ मी मांडीभर पाण्यातून ओलांडला. नऊ वाजता दांडीच्या काठावर सॅक ठेवली, चष्मा पुसला आणि परत फिरलो. पाणी आता कमरेला लागत होतं आणि ते समुद्राकडून आत येत होतं. आणखी दहा-बारा पावलांवर छातीला लागलं. पायाखालची वाळू सरकली, मी पडलो, उठलो आणि मागे काठावर आलो. उंचवट्यावर ती उभी होती. तिने दोन्ही हात उंच करून तळवे माझ्याकडे केले. येऊ नका. मी ओरडलो ते तिला ऐकू गेलं नाही. ती ओरडली ते मला ऐकू आलं नाही. वारा माझ्या बाजूने तिच्याकडे नव्हता आणि तिच्या बाजूने माझ्याकडेही नव्हता, तो दोघांच्या मधून आत जात होता.

सव्वानऊ वाजले होते. मी दांडी गावाकडे पळालो.

त्या वेळी गावातल्या बहुतेक होड्या जाळ्यांवर गेलेल्या होत्या. झावळ्यांच्या पहिल्या झापाखाली एक म्हातारा जाळं विणत बसलेला होता आणि त्याची बायको सुकी मासळी निवडत होती. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. म्हाताऱ्याच्या सांगण्याप्रमाणे मी फक्त "वाळूवर बायको हाय" एवढंच तीनदा म्हणालो. त्याने आणखी दोन माणसांना हाका मारल्या. आम्ही परत काठावर पोचलो तेव्हा दहाला वीस मिनिटं कमी होती.

उंचवटा नव्हता. त्या जागी पाणी होतं आणि ते सरळ, न फुटता आत चाललं होतं. समोरच्या काठावर माणूस नव्हतं.

म्हाताऱ्याने मला दोन प्रश्न विचारले. बाईला पोहता येतं का? येतं. पाठीवर काय होतं? कांबळी, कपडे. दोन्ही माणसं काठाने आत, तिवरांच्या दिशेने चालू लागली. मी त्यांच्यामागे गेलो. होडी का काढत नाही, असं मी विचारलं. म्हाताऱ्याने मागे बोट केलं. त्याची होडी गावाच्या आतल्या बाजूला चिखलात आडवी पडलेली होती. तिच्याखाली पाणी यायला अजून तास होता. ज्या पाण्यात पत्नी गेली असं मला वाटत होतं, तेच पाणी पुरेसं चढलं की मगच होडी हलणार होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी खाडीच्या वळणावर, तिवरांच्या मुळांत अडकलेली खाकी सॅक मिळाली. एका माणसाने लांब काठीने ओढून ती काठावर घेतली. तिच्यासोबत दुसरं काही नव्हतं.

मी खाली बसलो. म्हातारी मागून आली होती, तिने तांब्या पुढे केला. तो मी तसाच खाली ठेवला.

म्हातारा सॅकपाशी उकिडवा बसला. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, हात लावला नाही. मग म्हणाला, "पट्टे लावल्यात."

मला समजलं नाही.

"हे बघ. खांद्यावरचे दोनी पट्टे. काढले, आनि परत बकलात घातले, घट. वरचं तोंड बांधलं. बुडनारा मानूस पट्टे लावत बसत नाय. हिनं निवांत सोडली हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे डोकं जाग्यावर हाय तिचं. तुजं नाय."

मी उठून स्वतः पट्टे तपासले. दोन्ही बकलं लागलेली होती, वरची दोरी दोन गाठींनी बांधलेली होती. तिची गाठ मला ओळखता येते. ती तशीच बांधते. पण पट्टे लावलेले आहेत यावरून ती सॅक सोडताना जिवंत होती एवढंच सिद्ध होत होतं. त्यानंतरचं काहीच सिद्ध होत नव्हतं. मी तसं म्हणालो. म्हातारी म्हणाली, "ह्याला गप बसवा कुनीतरी."

आम्ही परत खाडीच्या तोंडाशी आलो. तिथे उभं राहून वाट पाहण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्याने, मला बोलतं ठेवायला असावं, ओहोटीची वेळ मी कुठून घेतली ते विचारलं. मी ओला कागद काढला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, आज तिथी कोणती? वद्य तृतीया, मी म्हणालो. त्याने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे तास बारावर मोजायचे, ती भरती. तृतीयेची सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी संपली, सव्वाआठला. "पुनवेचं उधान अजून उतरलं नाय. अशा दिसात पानी पळत येतं."

माझ्या कागदावर नऊ-पाच होतं. पाऊण तासाहून जास्त फरक होता. भरतीची वेळ रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. मी कागदावरच्या चारही ओळी पुन्हा वाचल्या आणि मला कळलं. रात्रपाळीचा माणूस आज रात्री जे लिहितो ते उद्याच्या अंकात "आज" म्हणून छापलं जातं. तीन वर्षं मी कोष्टकात हाताखालच्या तारखेची ओळ सोडून पुढची ओळ उतरवत होतो आणि वर "आज" लिहीत होतो. सहलीच्या वेळा उतरवतानाही हात त्याच सवयीने एक ओळ खाली गेला होता. चारही दिवसांपुढे दुसऱ्या दिवसाच्या वेळा होत्या. आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा भरती लागून अर्धा तास झाला होता.

हे मी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे तुमच्या पेपरात रोज उद्याच असतो."

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी समोरच्या काठावर काहीतरी हललं. नवापूरच्या बाजूला, वाळूवर, दोन-तीन बायका आल्या होत्या. त्यांनी एक वल्हं उभं केलं आणि त्याच्या टोकाला काहीतरी लाल बांधलं.

म्हातारीने माझ्या पाठीत थापटी मारली. "बावटा चढला! हाय बाई. हाय तुजी बाई!"

होडी समुद्रावरून परत येते तेव्हा सगळी माणसं सोबत असतील तर डोलकाठीला बावटा चढवून येते, आणि कुणी राहिलं असेल तर बावट्याशिवाय येते, ही त्या काठावरची रीत. किनाऱ्यावर उभ्या बायकांना माणसं मोजत बसावी लागत नाहीत. हे मला नंतर सांगण्यात आलं. त्या क्षणी मला लाल फडकं दिसत होतं आणि बायका दिसत होत्या, आणि त्यांच्यात माझी पत्नी दिसत नव्हती.

"ती कुठे आहे?" मी विचारलं. "तिथे नाहीये ती."

"घरात असंल. भिजलेली बाई वाऱ्यात उभी करतील काय?"

"पण कुणी बघितलं? होडी मागवायला बावटा लावला असेल."

म्हातारीने कंबरेवर हात ठेवले. "बावटा दिसतो ना? आनि काय तुला छापून पायजे?"

बाकीची माणसं हसली. मी चष्मा पुसला आणि समोरच्या बायका मोजल्या.

होडी अकराच्या सुमारास हलली. म्हातारा आणि एक माणूस वल्ह्यावर, मी मध्ये, पायाशी दोन्ही सॅक. पाणी आत ओढत होतं म्हणून त्यांनी होडी आधी समुद्राच्या बाजूला नेली आणि मग तिरकी समोर सोडली. सव्वाअकराला नवापूरच्या वाळूला लागलो. वल्हं तसंच उभं होतं. सकाळी मला अडवणारी बाई तिथे होती. "चल," म्हणाली.

तिसरं घर. पत्नी चुलीपाशी बसली होती. त्यांच्या घरातलं हिरवं लुगडं त्यांच्याच पद्धतीने नेसवलेलं, केस मोकळे, हातात तांदळाची भाकरी. उजव्या कोपराला खरचटलं होतं. दुसरी इजा नव्हती. तिने वर पाहिलं.

"अहो, तुम्ही पूर्ण ओले आहात."

मी हो म्हणालो.

"चष्मा आहे ना?"

"आहे."

"बसा मग."

मी बसलो. तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. घरातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी एकीने दुसरीला म्हटलेलं मला ऐकू आलं, "एवढ्यासाठी बावटा लावला?"

मग पत्नीने सांगितलं. मी गावाकडे पळालो ते तिने पाहिलं आणि मदत येईपर्यंत वाळू राहणार नाही हेही पाहिलं. तिने काष्टा घट्ट केला, सॅक उतरवली, पट्टे लावून तोंड बांधलं, म्हणजे मेणकापडातली हवा आत राहील, आणि ती पाण्यात सोडली. पाणी कुठे आणि किती जोराने नेतं ते बघायला. सॅक दांडीच्या बाजूच्या रुंद ओहळातून आत गेली. तिने उलट दिशा घेतली, नवापूरच्या अरुंद ओहळाची. पाण्याच्या विरुद्ध गेली नाही, त्याच्यासोबत तिरकी गेली, नदीत जातात तशी. नवापूरकडच्या तिवरांपाशी पाय टेकले. कालववाल्या बायका घरी गेल्या नव्हत्या. आम्ही पार होतो का ते बघायला टेकाडावर थांबल्या होत्या. त्यातल्या दोघी पाण्यात उतरल्या आणि तिला धरून वर घेतलं. तेव्हा किती वाजले होते ते कुणालाच सांगता येत नाही. बावटा इतक्या उशिरा का लागला, हे मी विचारलं. आधी तिला कोरडं केलं, मग भाकरी टाकली, मग आठवण झाली, असं उत्तर मिळालं.

"आणि मी?" मी पत्नीला विचारलं. "माझी आठवण?"

"तुम्ही काठावर होतात. तुम्हाला काय झालं होतं?"

कागदाची चूक मी तिला तिथेच सांगितली. सकाळची बाई भाकरी थापत ऐकत होती. पत्नीने सगळं ऐकलं, विचार केला आणि विचारलं, "म्हणजे तीन वर्षं तुम्ही छापता ते तरी बरोबर असतं ना?"

असतं, मी म्हणालो. मी परत गेल्यावर कोष्टक काढून ते तपासलं, बरोबर होतं.

मलाही भाकरी मिळाली आणि सुकटीची चटणी. आम्ही दोघंही घरी मासळी खात नव्हतो. तिने माझ्या आधीच दोन भाकऱ्या चटणीसोबत संपवल्या होत्या, असं त्या घरातून कळलं. मी तीन खाल्ल्या. तिची नऊवारी दारातल्या दोरीवर वाळत होती. कांबळी मेणकापडात कोरडी निघाली.

म्हातारा बाहेर होडीपाशी थांबला होता. तो म्हणाला, पाणी पुरं चढू दे, मग सोडतो दांडीला. घाई कुणालाच नव्हती. निघताना पत्नीने हिरवं लुगडं बदलून परत द्यायला घेतलं, तेव्हा बाई म्हणाली, "नेसून जा. म्हातारीजवळ दे, ती पोचवंल." त्यामुळे ती तशीच आली.

सव्वादोनला भरती पूर्ण होती. खाडीत ओढ नव्हती. होडी दांडीच्या काठाला लागली, आधी ती उतरली, मग मी, आणि मग दोन्ही सॅक.